मीठ सोडून दुसरा शब्द

कामावरचा माझा पहिला मोठा वाद एका क्वेरीवरून झाला आणि तो मी जिंकला. हे आधीच सांगते, कारण शेवटी विनयाने मान खाली घालणाऱ्या आठवणी मला वाचवत नाहीत.

इंदिरानगरमधली आमची लहानशी कंपनी मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक ऑनलाइन मंच चालवत असे. डायलिसिसवर असलेल्या माणसाला काय शिजवून घालावे, प्रवासाला कसे न्यावे, त्याची चिडचिड कशी सोसावी, अशा प्रश्नांना माणसे स्वतःच्या अनुभवातून उत्तरे देत. वर्षानुवर्षांची ही उत्तरे हीच मंचाची खरी मिळकत होती. मात्र ती सापडत नसत. शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की पडद्यावर चक्र फिरू लागे आणि पुष्कळदा काहीच न दाखवता थांबे.

हे मला ऑफिसात कळले नाही, चामराजपेटेत कळले. मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते, त्या घरमालकिणीला सगळी गल्ली अक्का म्हणे. घराणे मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या या कानडी शहरातलेच. त्यांच्या यजमानांचे डायलिसिस नुकतेच सुरू झाले होते. शेवग्याच्या शेंगा घातलेल्या सांबाराशिवाय त्या गृहस्थांना जेवण जेवणासारखे वाटत नसे. शेंग चालते का, चालत असेल तर कशी शिजवायची, हे अक्का मंचावर शोधत होत्या. डॉक्टरांना विचारायचे तर होतेच. पण आपल्यासारख्या कुणी काय केले, तेही त्यांना हवे होते.

"काय ग, नुग्गेकाई घातलं की तुमचं ते चक्र फिरतच बसतंय," शेंगेचे कानडी नाव घेत त्या म्हणाल्या. "स्वल्प थांबा म्हणतंय, मग काहीच नाही म्हणतंय. तू तिथं काय काम करतेस नेमकं?"

मी त्यांच्या फोनवर तो शब्द स्वतः टाकून पाहिला; चक्र फिरतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शोधामागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला काय आणि कसे शोधायचे ते सांगणारी आज्ञा, उघडली. डेटाबेसला विचारले तर तो कोणत्या वाटेने उत्तर शोधणार आहे, हे सांगतो. आमचा डेटाबेस सांगत होता की तो प्रत्येक लेखन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचणार, त्यात ती अक्षरे कुठेही आहेत का ते पाहणार, आणि सारे वाचून झाल्यावर एकूण किती सापडले ते मोजणार. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असताना दर वेळी अख्खे पुस्तक वाचून काढावे, तसा हा प्रकार होता. आमच्याकडे तर ती सूचीही नव्हती. भौतिकशास्त्र शिकताना एक सवय लागली होती: मोजमाप चुकीचे येत असेल तर आधी मोजण्याची रीत तपासायची.

ती क्वेरी आमच्या गटप्रमुखाने कंपनी सुरू झाली तेव्हा लिहिली होती, म्हणून तिला कुणी हात लावत नसे. तो पुण्याचा, मी निपाणीची. इंग्रजीत आम्ही बरोबरीने बोलत असू. पण काही गळी उतरवायचे असले की तो मराठीवर येई, आणि मराठीत तो मला 'अगं' म्हणे व मी त्याला 'तुम्ही'. तसाच तो त्या दिवशी मराठीत म्हणाला की जुनी उत्तरे शोधातून वगळायची, म्हणजे वेग येईल, आणि ते काम मी करायचे.

मी म्हटले, क्वेरी दुरुस्त केली तर काहीच वगळावे लागणार नाही.

"तुमच्या निपाणीत 'हो' म्हणायची पद्धतच नाही का ग?"

"आहे. पटलं की म्हणतो."

तो हसला, पण त्याचा आक्षेप पोकळ नव्हता. शब्दसूचीवर चाललो तर शब्दाच्या मधले तुकडे सापडणार नाहीत, हे त्याचे म्हणणे खरे होते. मी मंचावरचे शोध चाळले. लोक शब्दाचा आरंभ लिहीत, मधला तुकडा जवळजवळ कुणीच नाही. आणि आरंभावरून शोधणे सूचीला जमते. हे मी त्याला दाखवले. आढावा बैठकीत बघू, असे म्हणून त्याने विषय संपवला.

आढावा बैठकीची आमच्याकडे एक रीत होती. कंपनीच्या संचालिकाबाईंसमोर शोध दाखवायचा तो नेहमी 'मीठ' या एकाच शब्दाने. पूर्वी कधीतरी त्या शब्दावर प्रात्यक्षिक निर्विघ्न पार पडले होते, तेव्हापासून तो शकुनाचा ठरला. चाचणी करतानाही सगळे तोच टाकत. नुकतीच शोधलेली उत्तरे यंत्रणा काही काळ हाताशी ठेवते, त्यामुळे मीठ झटकन सापडे. यात कुणाची लबाडी नव्हती. मीठ सोडून दुसरा शब्द टाकून पाहावा, असे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कुणाच्या मनात आले नव्हते, इतकेच.

त्या बैठकीतही मीठ झटकन सापडले. मग जुनी उत्तरे वगळली की बाकीचे शोधही असेच चालतील, असे गटप्रमुखाने सांगितले. संचालिका मान डोलावू लागल्या. मी म्हटले, आता एक शब्द माझा.

"हे आत्ता नको, आपण नंतर बसू," तो हळूच मराठीत म्हणाला.

मी उत्तर हिंदीत दिले, सगळ्यांना कळेल असे: नंतर बसलो तर उत्तरे आधीच गेलेली असतील.

मी अक्कांचा शब्द टाकला. चक्र फिरत राहिले. कुणी पाणी प्यायले, कुणी खुर्ची सरकवली. मग साऱ्या लेखनाच्या प्रतीवर शब्दसूची लावून तयार केलेली माझी क्वेरी चालवली. उत्तरे पापणी लवण्याआधी आली. सर्वांत वर होते ते हुबळीच्या एका बाईंनी नवऱ्यासाठी केलेल्या पातळ सांबाराचे वर्णन, आणि ते वगळायच्या उत्तरांपैकी होते. संचालिकांनी ते पूर्ण वाचले आणि विचारले, "हे आपण काढणार होतो?"

काही काढले नाही. शब्दसूची लागली. 'एकूण इतकी उत्तरे सापडली' ही ओळही मी काढून टाकली, कारण ती मोजदाद सगळा वेग खात होती. त्या ओळीने मंच भरलेला दिसतो, अशी गटप्रमुखाची तक्रार होती. मी म्हटले, दिसू दे रिकामा; उत्तर मिळाल्याशी कारण.

अक्कांना मी फोनवर ते वर्णन उघडून दिले. त्यांनी चष्मा चढवला, वाचायला घेतले. मी शेजारी उभी राहून शब्दसूची समजावू लागले तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवले.

"सरी, सरी. कळलं. आता वाचू दे की मला."

वर्षअखेरच्या मूल्यमापनात गटप्रमुखाने माझ्याविषयी लिहिले, 'सर्वांना सोबत घेऊन चालायला शिकावे.' खाली उत्तरासाठी जागा सोडलेली होती. बहुतेकजण तिथे आभार मानतात. मी लिहिले, पुढच्या आढाव्याचा शब्दही मीच आणणार आहे, आणि तो आधी सांगणार नाही.