सोळा माणसं आणि एक इंजिन

आमच्या वर्कशॉपमध्ये काहीही पडलं, मोडलं, की मिस्त्री हातातलं काम ठेवून आधी एकच विचारायचे, "कुणाला लागलं न्हाय न्हवं?" मगच काय मोडलंय ते बघायला वळायचे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या नुसत्या असण्यानं जागा निर्धास्त वाटते.

कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात मी शिकवायला लागले, तेव्हा मिस्त्रींनी साठी ओलांडली होती. मुलांना पत्राकाम, रिव्हेट मारणं ते शिकवायचे. तरुणपणी ईशान्येकडे एका कंपनीत डकोटा विमानांवर मेकॅनिक होते. डकोटाच्या आधी नुसत्या प्रवाशांवर विमानाचा खर्च निघत नव्हता, टपाल न्यावं लागायचं, असं ते सांगायचे. दोन इंजिनं, धातूचं अंग, उडाल्यावर आत ओढली जाणारी चाकं, ही आजच्या विमानांची ठेवणही डकोटानंच रुळवली म्हणायचे. मुलं ऐकून हसायची.

दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडून लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात, तो आवळायची चावी राहिली आणि मी मशीन सुरू केलं. चावी उडाली, एका मुलीच्या कानाजवळून गेली आणि खिडकीची काच फोडून बाहेर पडली. कुणाला लागलं नव्हतं. मिस्त्रींनी मुलांना चहाला पाठवलं. मशीनमध्येच दोष होता असं प्राचार्यांना सांगते, असं मी मिस्त्रींना म्हणाले.

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी मला एका सकाळची गोष्ट सांगितली. डाव्या इंजिनाच्या तेलाच्या नळीचा नट त्यांनी हातानं बसवला होता, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि पान्यानं आवळायचा राहिला. त्याच विमानात तेही बसले. सोबत सोळा माणसं, एका बाईच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी. डोंगरांवर आल्यावर त्यांना खिडकीतून इंजिनावरून काळं तेल ओघळताना दिसलं. काय राहिलंय ते त्यांना लगेच कळलं. वैमानिकानं ते इंजिन बंद केलं.

"विमान पडलं न्हाय मॅडम," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "एका इंजिनावर परत आलं. बांधणाऱ्यांनी ठरवलंच हुतं, एक इंजिन गेलं तरी माणसं घरी गेली पायजेत. माझ्यासारखा कुणीतरी चुकणार, हे त्यांनी धरलंच हुतं. कोण, कुठली माणसं ती, मला म्हाईत न्हाय. माझा जन्म व्हायच्या आधी त्यांनी माझी चूक सावरून ठेवलती."

उतरल्यावर ते सरळ मुख्य अभियंत्याकडे गेले आणि खरं सांगितलं. सहा महिने विमानं ठेवायचा हँगर झाडावा लागला. पण तेव्हापासून तिथं ती नळी दोन माणसांनी तपासायची असं ठरलं.

मीही त्याच दुपारी प्राचार्यांसमोर उभी राहिले. लेखी समज मिळाली. महिन्याभरात सगळ्या लेथना स्प्रिंगच्या चाव्या आल्या. हात काढला की त्या आपोआप बाहेर येतात.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री हैदराबादला मुलीकडे राहायला गेले. उन्हाळ्यात ते वारल्याचा तिचा फोन आला. हैदराबादला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर त्यांना पोचवायला मी गेले होते, तेच शेवटचं बघणं. कुंपणाच्या जाळीतून दिसलं, ते शिडी चढून विमानाच्या दाराशी थांबले. वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला. मागची सगळी माणसं पायऱ्यांवर थांबली होती.