अन्नपूर्णाबाईचं धान आणि रश्मीचा दाखला

सौंदडच्या रश्मी मेश्रामला मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं. नागपूरला प्रवेशही मिळाला होता. घोडं अडलं ते फी आणि वसतिगृहाच्या खर्चापाशी. सरकारी शिष्यवृत्ती होती, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आता घ्या! पाच एकर धानावर जगणाऱ्या तिच्या बापाचं, हिरालालचं, उत्पन्न तलाठ्यानं तीन लाखांच्या वर दाखवलं.

त्यात तलाठ्याचीही चूक नव्हती. पाचातलं अडीच एकर वावर शेजारची अन्नपूर्णाबाई बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, कसते. सगळं तोंडी, कागद कसलाच नाही. खरेदी केंद्रावर सातबारा ज्याचा त्याच्याच नावानं धान घेतात, म्हणून तिच्या वाट्याचे पैसेही हिरालालच्या खात्यात येतात. तो ते काढून तिच्या हातात देतो. गावात किती तरी धान असंच विकलं जातं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

"ते वावर ती कसते असं दोघांनी लिहून द्या," तलाठी म्हणाला, "तेवढे पैसे मी वजा करतो."

हिरालालचा मोठा भाऊ चुन्नीलाल हे ऐकून उसळलाच. "लिवून देशील तं ती कूळ लागंल! मंग बस बोंबलत. पोरीच्या शिक्षणापायी वावर घालवून राहिला कायले? अन् मनाचं शिकून करंल का ते?"

मनाचं का शिकायचं ते रश्मीला ठाऊक होतं. अन्नपूर्णाबाईचा नवरा तीन वर्षं कुणाशी बोलला नव्हता. गावानं बाहेरचं झालं म्हणून मांत्रिक आणले, कोंबडे कापले. शेवटी त्यानं जेवणही सोडलं आणि तो गेला. दहावीतली रश्मी त्याला डबा नेऊन द्यायची. अशा आजाराला औषध असतं हे तिला पुढे बी.ए.च्या वर्गात कळलं, तेव्हा तिला भयंकर राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

हिरालाल दोन दिवस नुसता बांधावर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं अंगणातच भावाला सांगितलं, "लागली तं लागली, दादा. ते अडीच एकर रश्मीच्या वाट्याचं होतं. तिले इचार."

आपल्याला वाटा आहे हे रश्मीला आत्ता कळत होतं, आणि आत्ताच तो पणाला लावायचा होता.

"लिवून द्या, बाबा," ती म्हणाली.

तलाठ्यासमोर अन्नपूर्णाबाईनं अंगठा उमटवला आणि सरळ विचारलं, "आता वावर माहं झालं का जी?"

हिरालालनं तलाठ्याकडे पाहिलं.

"नाही बाई. धान तुम्ही पिकवलं, एवढंच लिहिलंय," तलाठी म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि निंदणाला निघून गेली.

आठवड्यात दाखला आला, अर्ज गेला, शिष्यवृत्ती मंजूर झाली. रश्मी नागपूरला निघाली त्या सकाळी अन्नपूर्णाबाई त्या कागदाची झेरॉक्स घेऊन दारात उभी.

"काय लिवलं आहे ते वाच."

रश्मीनं पिशवी खाली ठेवली आणि वाचलं, "सदर अडीच एकरातील धान श्रीमती अन्नपूर्णा यांनी स्वतः पिकवले आहे."

बाई ओट्यावर टेकली.

"आखीन एकदा वाच वं."