गुळ्याची अक्का

गाडी कुठेही थांबली की अक्का आधी खाली उतरायची आणि दाराला धरून, त्या गावाचं नाव घेऊन खणखणीत आवाजात ओरडायची, "चला, मांडूवाले उतरा! सामान बघून घ्या!" आत मांडूवाले कोण, तर मी एक आणि तिचा कुत्रा गुळ्या. आजूबाजूचे लोक माना वळवून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण जन्मभर कंडक्टरकी केलेल्या बाईला सांगणार कोण? अक्काला जाऊन आता वर्ष होत आलं. गाडी थांबली की अजूनही मी क्षणभर स्टिअरिंग धरून तसाच बसून राहतो.

जळगाव-धुळे एसटीवर मी ड्रायव्हर आणि अक्का कंडक्टर. आमची जोडी डेपोत प्रसिद्ध होती ती भांडणांसाठी. मी गाडी दामटायचो आणि ही मध्येच घंटी मारायची, कारण फाट्यावर कुणी म्हातारी लांबून पळत येताना तिला दिसलेली असायची. वेळ चुकली म्हणून बोलणी मला बसायची. एरवी ती तुमच्या-आमच्यासारखी बोलायची, पण रागात आणि लाडात अहिराणीवर यायची. "नाना, गाडी तुमनी, पण माणसं मनी शेतस," माणसं माझी आहेत, असं एकदा म्हणाली की वाद संपला. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. गाडीत चढेल तो तिचा.

रिटायर झाल्यावर बाईने काय करावं? रावेरहून केळी वाहणारी एक जुनी पिकअप विकत घेतली आणि धुळ्यातल्या एका बॉडीवाल्याकडून तिचं चक्क घर करून घेतलं. आत गादी, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. रंग मारला तरी केळ्यांचा वास काही गेला नाही. मग मला फोन. आयुष्यभर एकाच रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या, आता तळी बघू, जुनी शहरं बघू, म्हणाली.

"आणि चालवणार कोण?"

"तुम्ही. दुसरं काय काम शे तुमले?"

खरंच काही नव्हतं. बायको गेल्यापासून मी टीव्हीसमोर नुसता बसून असायचो आणि सुनेला सोफा झाडता येत नसे. तरी म्हटलं, "अक्का, लोक काय म्हणतील?"

"इतकी वर्षं एका गाडीत फिरलो, तेव्हा लोक तिकीट काढून बघत होते. तेव्हा कुणी काही बोललं का?"

अडचण एकच होती, गुळ्या. कुत्री आणि मी, आमचं कधी जमलं नाही. हा गुळाच्या ढेपेच्या रंगाचा प्राणी तिला धुळ्याच्या स्टँडवर पिल्लू असताना सापडला आणि तेव्हापासून तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसे. मध्ये अक्का तपासण्यांसाठी नाशिकला जाऊन राहिली, तर शेजारणीने ठेवलेल्या दुधाला त्याने तोंड लावलं नाही. ती परतली तेव्हा त्याला धड उभंही राहवत नव्हतं. त्या तपासण्यांत काय निघालं ते तिने मला सांगितलं नाही. दुखणं पोटात पसरलं होतं, फार दिवस उरले नव्हते. आणि आपल्या मरणापेक्षा, आपल्यामागे हे जनावर उपाशी मरेल याचा घोर तिला जास्त लागला होता. मला हे फार उशिरा कळलं. तोवर मी आपला मजेत गाडी हाकत होतो.

पहिल्यांदा लोणारला गेलो. तळं दिसताच तिने गुळ्याचा दोर माझ्या हातात कोंबला. "धरा जरा नाना, मी पलीकडे जाऊन येते."

"चावला म्हणजे?"

"तो काही खात नही तुमले. खाण्यासारखं शे तरी काय तुमच्यात?"

ती दिसेनाशी झाली आणि गुळ्याने आकांत मांडला. ओढून ओढून माझा तळहात सोलून काढला. ती परत आली तेव्हा त्याने उड्या मारून तिची साडी फाडली. एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. मला वाटलं, दमली असेल.

मांडूला तळ्याकाठी भरताचा बेत केला. कपाशीच्या काड्यांचा भारा आम्ही टपावर बांधूनच नेला होता, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला अक्का भरीत म्हणत नसे. धूर बघून दोन इंदूरवाले विचारायला आले, त्यांनाही तिने ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी देऊन बसवलं. ते गेल्यावर भाकरीचा कुस्करा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "त्याला तुम्ही घाला. माझे हात मिरचीचे शेतस." गुळ्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तशी ती उठली, गाडीत गेली आणि दार लावून घेतलं. तो दाराशी जाऊन रडला, दार खरवडलं, ते उघडलं नाही. ऊन उतरल्यावर कधीतरी येऊन त्याने माझ्या तळहातावरचा घास उचलला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. "अक्का, खाल्लं गं याने!" मी ओरडलो.

उदयपूरला पोचेपर्यंत गुळ्या माझ्या खाटेखाली झोपायला लागला होता. अक्का गाडीत आणि आम्ही दोघं बाहेर, मच्छरदाणी लावून. तिथे ती रोज सकाळी म्हणायची, "तुम्ही फिरा, मी येते मागून," आणि दुपारपर्यंत पत्ता नाही. एके दिवशी माझं डोकं फिरलं. तळ्याच्या काठाने शोधत निघालो, तर ही बया एका घाटाच्या पायरीवर, खांबाआड बसलेली. तिथून तिला आम्ही सारा वेळ दिसत होतो.

"हा काय खेळ लावलास गं?" मी भडकलो.

तेव्हा तिने सगळं सांगितलं. रडणं-बिडणं काही नाही, पुढचा स्टॉप सांगावा तसं सांगितलं. "नाना, माले तळं-बिळं काही देखानं नव्हतं. याले तुमनी सवय लावानी व्हती."

"मीच सापडलो?"

"माझी इतकी माणसं तुम्ही सांभाळून नेलीत. मग दुसऱ्या कुणाला देऊ?"

मला वाटलं होतं, तिला माझी सोबत हवी आहे. म्हातारपणी माणसाला काय काय वाटतं! मी पाण्याकडे तोंड करून रडलो. ती दुखणाईत, आणि माझीच पाठ थोपटत बसली.

परतल्यावर गुळ्या माझ्याबरोबर जळगावला आला. "मी बोलावल्याशिवाय त्याला आणायचं नाही," असं तिने बजावलं होतं. थंडी पडली तेव्हा फोन आला. आम्ही धुळ्याला गेलो. तिच्या नणंदेने दार उघडलं. खाटेवर अक्का होती, पण मलाच आधी ओळखू आली नाही, इतकी वाळली होती. तिने हात खाली सोडला. गुळ्याने तो हुंगला, पाहुण्याला बघून हलवावं तसं शेपूट जरासं हलवलं, आणि माघारी येऊन माझ्या पायांवर बसला.

"अरे जा ना! अक्का आहे ती!" मी त्याला ढकललं. तो उठेना. मी त्याला उचलून खाटेवर ठेवायला निघालो तर तिने हातानेच थांबवलं.

"राहू द्या, नाना. जमनं." ती हसली. चांगली तोंडभर हसली. "जेवतो ना?"

"दोन-दोन भाकऱ्या खातो."

"बस. आते माले काही घोर नही."

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. पांघरुणाखाली तिचे खांदे हलत होते. नणंदेने मला खुणेनेच बाहेर जायला सांगितलं. मी गाडीचं दार उघडलं, तर गुळ्या माझ्याआधी टुणकन आत चढला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. त्याच आठवड्यात ती गेली.

त्या भेटीनंतर धुळ्याहून निघाल्यावर मी गुळ्याशी एक अक्षर बोललो नाही. मेल्या, बेइमाना, तिच्याजवळ घटकाभर बसला असतास तर काय झालं असतं, असं मनात चाललं होतं. एरंडोलच्या अलीकडे रस्ता दिसेनासा झाला. गाडी बाजूला घेतली आणि त्याच्याच गळ्यात पडून रडलो. त्याने माझं तोंड चाटून काढलं. कधीकाळी तिचं चाटायचा, तसंच.