एक माफ, दोन परत

कारखान्यात तिला सगळे वीसबाई म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकात होतं, ते तिथंच राहिलं. कारखाना चेनचा. गळ्यातल्या नव्हे हो, जाकिटाला, दप्तराला, पँटला लावतात त्या ओढायच्या चेनचा. एका पेटीत हजार चेन. हजारच्या हजार ओढून बघायच्या म्हटल्या तर पहिली पेटी बाहेर पडेपर्यंत बाईचे केस पांढरे व्हायचे. म्हणून वीसच काढायच्या. थोड्या वरून, थोड्या कोपऱ्यातून, हात कोपरापर्यंत घालून काही तळातून. प्रत्येक दहा वेळा वर-खाली ओढायची. एखादी अडली तर माफ. दुसरी अडली की अख्खी पेटी परत. तपासणीच्या कार्डावर वरतीच छापलेलं असायचं: एक माफ, दोन परत.

बाई मोठी खमकी. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक, त्यामुळे कुणाला घाबरायचं राहूनच गेलं होतं. मुकादम बाकी सगळ्यांवर वाघ, हिच्या टेबलाशी आला की शेळी. दोन पेट्या लागोपाठ परत गेल्या की तो हळूच यायचा.

"बाई, दोन वाईट निघाल्या. आता ही तरी चांगलीच असणार की. किती वेळ तीच रड?"

"मुकादम, चेनला आठवण नसते," बाई मान वर न करता म्हणायची. "मागच्या पेटीत काय झालं ते हिला कुणी सांगितलंय?"

हे वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं. कधीकाळी एक गोल चष्म्याचा साहेब सगळ्या तपासणीवाल्यांना शिकवायला आला होता. दहावी झालेल्या बायकांना आकडेमोड काय कळणार, असं बाकीच्यांना वाटलं. वीसबाईला कळली. शंभरात पाच खराब असलेली पेटी तुमच्या वीस चेनच्या चाळणीतून चारात जवळजवळ तीनदा सुटून जाईल, असं साहेबानं फळ्यावर करून दाखवलं, आणि बाईला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती त्याला जाऊन म्हणाली, "मग मी इथं करते काय?"

साहेब म्हणाला, "शंभरात वीस खराब असतील अशा शंभर पेट्या आल्या, तर तुमच्या हातून सातच सुटतील. हे करता तुम्ही. बाकी खात्री कुणालाच नसते, बाई. आपण फक्त शक्यता सांगतो, आणि ती खरी सांगायची."

ती खरी सांगायची, हे बाईनं गाठीला बांधलं. घरीसुद्धा. नापास चेनचा पुडा ती लेकीला खेळायला आणायची. लेक जमिनीवर बसून ओढून बघायची, पास, नापास, पास. पाच वर्षांची पोर आल्यागेल्याला सांगायची, चेनला आठवण नसते म्हणून. लोक हसायचे.

ती लेक मोठी झाली, लग्न झालं, मुलगा झाला. गोरागोमटा, आजीचाच लाडका. आठव्या महिन्यात त्याची नखं पांढरी पडायला लागली. रक्ताचा आजार निघाला. आईबाप दोघंही धडधाकट, पण दोघांच्याही रक्तात तो लपलेला. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं. पोरानं साडेतीन वर्षं काढली आणि एका तापात गेला.

त्या दिवसांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. लेक जेवायची नाही, बोलायची नाही, ताटातला घास चिवडत बसायची.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका. पुन्हा दिवस राहिले तर तिसऱ्या महिन्यात मोठ्या इस्पितळात या, पोटातच तपासणी करता येते, मग काय ते तुम्ही ठरवा. वीसबाईनं जेवणाच्या सुट्टीत एका कोऱ्या कार्डाच्या पाठीवर हिशेब मांडला. अशीच चार-चार मुलांची शंभर घरं धरली तर बत्तीस घरांत एकही आजारी नाही, बेचाळीस घरांत एक, एकवीस घरांत दोन. उरलेल्या पाच घरांचं तिनं लिहिलंच नाही. खाली मात्र लिहिलं: पुढचं मूल, चारात एक. पहिल्याचा संबंध नाही. कार्ड घडी करून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि विसरून गेली.

वर्षानं लेकीला दिवस राहिले. विहीणबाईंनी आपला हिशेब आधीच करून ठेवला होता. "चारात एक म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई? तो एक होऊन गेला. आता तीन चांगलीच. कशाला सुया टोचून घ्यायच्या?" जावई भला माणूस, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. आणि खरं सांगायचं तर त्यालाही तेच ऐकायचं होतं.

लेक माहेरी आली. दुपारची वेळ. त्या दिवशी तिनं वर्षभरात पहिल्यांदा दोनदा वाढून घेतलं. बाई ते बघत होती. जेवून लेकीनं ताटं उचलली, आईचा डबा, पिशवी सगळं घासूनपुसून ठेवलं, ओले हात पदराला पुसत समोर येऊन बसली.

"आई, सगळे म्हणतात तपासणी नको. तू सांग. जाऊ का?"

आता बघा. आयुष्यभर जिनं मुकादमाला वाकून नमस्कार केला नाही, साहेबाला तोंडावर प्रश्न विचारला, तिला एक शब्द बोलायचा होता: जा. पण जा म्हटलं की सुई आली, वाट बघणं आलं, आणि वाईट निघालं तर पुढचं ते ठरवणं आलं. लेकीच्या ओठाला भाताचं शीत चिकटलेलं होतं. ते बाईनं बोटानं काढलं.

"कशाला जातेस?" ती म्हणाली. "एक माफ असतं गं. झालं तेवढं पुरे झालं."

लेक तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बरं." आणि तपासणीला गेली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. हाताखालची एक पेटी न बघता सोडायची नाही हा जिचा बाणा, तिनं पोटच्या पोरीची पेटी न उघडताच पास केली.

मुलगी झाली. गुलाबी, टपोऱ्या डोळ्यांची. विहीणबाई म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं? सात महिने सगळं छान चाललं. मग एका सकाळी आंघोळ घालताना वीसबाईनं नातीचं बोट उजेडाला धरलं. नख पांढरं होतं. तिनं दुसरं बघितलं, तिसरं बघितलं, दहाच्या दहा बघितली. मग अंग पुसलं, झबलं घातलं आणि बराच वेळ कुणाला काही सांगितलं नाही.

कारखान्यात ती विसाऐवजी चाळीस चेन काढायला लागली. माल तुंबला. मुकादम येऊन समजुतीनं म्हणाला, "बाई, दोन पेट्या परत केल्यात. ही तरी चांगली असेल." बाईनं पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि आणखी एक चेन काढली. मुकादम थोडा वेळ उभा राहिला, मग त्यालाच अवघडलं आणि तो निघून गेला.

नात आता तीन वर्षांची आहे. दर तीन आठवड्यांनी इस्पितळात जायचं, बाकावर बसायचं, हाक आली की आत. परवाही तशाच बसल्या होत्या, आजी, लेक आणि मधे नात. नातीच्या जाकिटाची चेन अर्ध्यात अडली. आजीनं पिशवीतून साबणाची वडी काढली, दात्यांवर घासली, वर-खाली ओढायला लागली. लेक बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तुझं कार्ड मी वाचलं होतं."

"कुठलं कार्ड?"

"बत्तीस घरं, बेचाळीस घरं. पिशवीत सापडलं होतं. त्या दुपारी, डबा घासायला घेतला तेव्हा."

बाईचा हात थांबला. "म्हणजे विचारायच्या आधी?"

"आधी."

"तुला ठाऊक होतं, तर मग विचारलंस कशाला गं?"

लेकीनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. आवाज चढवला नाही तिनं, ते जास्त वाईट. "सगळे नको म्हणत होते, आई. मलाही भीती वाटत होती. एकटीनं जायची ताकद नव्हती माझ्यात. म्हटलं, आई जा म्हणेल. आई कुणाच्या बापाला घाबरत नाही. आई म्हणाली की मी जाईन."

बाकावर बाजूला कुणाचं तरी पोर रडत होतं. बाईनं चेन ओढली. ती आता सुरळीत चालत होती, तरी ती ओढतच राहिली, वर, खाली, मोजून दहा वेळा.

"चुकले गं मी," ती म्हणाली.

"हो," लेक म्हणाली.

आतून हाक आली. लेकीनं नातीचं जाकीट काढलं, आजीच्या मांडीवर ठेवलं आणि पोरीला कडेवर घेऊन आत गेली. दारातून नातीनं हात हलवला. आजीनंही हलवला, आणि जाकिटाची घडी घालून, मांडीवर धरून, ती बाहेर बसून राहिली.