पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये

झोप यायच्या आधी घरात एक आवाज असायला हवा, आणि तो नाही.

दुपारचे तीन वाजलेत. शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून मी कामाच्या टेबलावरच डोकं टेकलंय. समोर अक्काचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा, मागचं झाकण काढलेला. लाकडी डबा, पुढे पत्रा, पत्र्यावर चार बटणं. पाच वाजता उज्ज्वला बारबोले तो न्यायला येणार आहे. उज्ज्वला ही अक्काची सगळ्यात जुनी शिष्या, आता स्वतःचा क्लास घेते. काम झालंय, असं मी तिला फोनवर सांगितलंय.

काम झालंय हे खरं आहे. वहीत तसं लिहिलंय.

तक्रार: पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. स्पीकरमधून सतत घूं. तापला की सूर सरकतो.
कारण: घराला अर्थिंग नाही. कंडेन्सर सुकलेला. सुराचं बारीक बटण मळलेलं.
केलं: कंडेन्सर बदलला. बटण धुतलं. तीन पिनी वायर टाकली. मागच्या बोळात खड्डा घेतला, पाइप पुरला, कोळसा-मीठ घातलं, पाणी ओतलं. घराला अर्थिंग दिलं.
(पस्तीस वर्षांनी.)

कंसातलं मी नंतर लिहिलं.

बार्शीतल्या कितीतरी घरांना मी अर्थिंग दिलंय. आमच्या प्लगच्या तिसऱ्या भोकामागे मात्र काहीच नव्हतं. पुढे माझं दुकान, मागच्या खोलीत अक्काचा गाण्याचा क्लास, राहायला आम्ही दोघं भाऊ-बहीण. अक्का म्हणायची, दिगू, तुझा डबा चावतो. मी म्हणायचो, चावत नाही, चाटतो. रबरी चपला घाल.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. बटण तिने ठेवलं होतं तिथेच होतं. धुताना फिरवावं लागतं, म्हणून आधी पेन्सिलीने खूण केली आणि नंतर परत खुणेवर आणलं. परवा डबा सुरू केला. घूं नाही, नुसता तंबोरा. तिच्या पेटीवर त्याचा सा शोधायला गेलो. पांढरी पाच दाबली, तंबोरा वर. काळी चार दाबली, तंबोरा खाली. त्या दोघींच्या मध्ये पेटीला पट्टीच नसते.

तिथे काय असतं ते मला ठाऊक आहे. विजेची घूं असते. कुठल्याही गावात, कुठल्याही घरात, त्याच जागी.

अक्का तंबोरा घूंशी जुळवत होती. डब्याचा सूर आणि घूं यांच्यात लाटा उठायच्या, ती बटण केसभर केसभर फिरवायची, लाटा लांबत लांबत थांबल्या की म्हणायची, आता बसला. जुना घेतलेला तो डबा आला त्या दिवसापासून ती असंच करायची. मी इकडे रेडिओ उघडून बसलेला असायचो. ऐकायचो. काही बोलायचो नाही, कारण मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही.

सात वर्षं असं गाऊन ती रेडिओच्या ऑडिशनला गेली. तिथे घूं नव्हती. महिन्याने पत्र आलं, त्यात एकच ओळ कामाची होती: स्वर स्थिर नाही. त्यानंतर तिने शिकवलं. गायली नाही.

मला एवढंच कळायला हवंय. ती ओळ तिच्या गळ्याबद्दल होती की माझ्या अर्थिंगबद्दल.

डोळे मिटतो. पंखा फिरतोय. सकाळी खड्ड्यात ओतलेलं पाणी अजून मुरत असेल, कोळशातून, मिठातून, खाली, आणखी खाली, आणि

“झाकण का काढलंस त्याचं? वारं लागेल.”

अक्का टेबलापलीकडे बसलीय, गिऱ्हाइकाच्या बाजूला. डब्याचं झाकण मांडीवर उलटं घेतलंय आणि त्यात लसूण सोलतेय.

“अक्का, तू वारलीस ना.”

“हो. म्हणून लसूण आपोआप सोलला जातो का?”

मी वही ओढतो. समोर गिऱ्हाईक बसलं की माझा हात आपोआप वहीकडे जातो.

“तक्रार काय?”

“आवाज येत नाही.”

“येतोय की. हा काय तंबोरा वाजतोय.”

“तंबोरा वाजतोय. आवाज येत नाही.”

तक्रार: आवाज येत नाही.
कारण:

कारणापुढे पेन चालत नाही. मी पेन झटकतो, शाई येते, तरी कारणापुढे चालत नाही. मग मीटर घेतो. एक टोक पत्र्याला, दुसरं मोरीच्या नळाला.

मीटर: ९२.

मीटर: ४०.

मीटर: मंगळवार.

“बरोबर दाखवतंय,” अक्का वाकून बघते. “मंगळवारी क्लास असतो.”

“मीटर बिघडलंय.”

“तुझं काहीच कधी बिघडत नाही, दिगू. लोकांचंच बिघडतं.”

हे ती जिवंतपणी अगदी याच आवाजात म्हणायची. मी हसतो, आणि हसताना मला कळतं की दुकानात मी एकटाच हसतोय. ती लसणाच्या पाकळीकडे बघतेय.

वायर कुठवर जाते ते तपासायला हवं. अर्थिंगची हिरवी वायर हातात धरून मी मागच्या दाराने बोळात उतरतो. बोळाच्या भिंतींना बारीक भोकांच्या पांढऱ्या पाट्या ठोकल्यात, आवाज गिळणाऱ्या. माझ्या चपलांचा आवाजही त्या गिळतायत. मी टेस्टर काढून एका भोकात घालतो. यात काही नाही. पुढच्यात घालतो. यात काही नाही. बोळ लांब आहे आणि सगळी भोकं तिसरी आहेत. यात काही नाही, यातही

दारावर लाल दिवा. दाराशी अक्का, चाळीस वर्षांची, कोनफळी रंगाच्या साडीत.

“तू इथे कसा? साथीदार सोडून कुणाला आत घेत नाहीत.”

“मी लाइटवाला आहे.”

“मग ठीक. ये.”

आत सतरंजी आहे. क्लासचे पेटीवाले गुरवमास्तर पेटीचा वरचा पत्रा उघडून आत डोकं घालून बसलेत. डोकं न काढताच बोलतात, “बाई, तुमच्या सा-साठी करवत आणावी लागेल. दोन पट्ट्यांच्या मधे कापतो.”

“कापा,” अक्का म्हणते. “पण बेताने. पेटी भाड्याची आहे.”

तिच्या मागे कुणीतरी तंबोरा धरलाय. खरा, भोपळ्याचा. धरणारीच्या दोन वेण्या दिसतात, हात दिसतात. तोंडाच्या जागी नुसता उजेड आहे, शटरखालून येतो तसा. मी तोंड बघायला बाजूने जातो. बाजूनेही वेण्याच.

अक्का सतरंजीवर बसते, पदर सारखा करते, तोंड उघडते. गाते. गळ्याची शीर हलते, हात वर जातो, मान किंचित डावीकडे कलते. आवाज नाही.

“मोठ्याने,” मी म्हणतो.

ती आणखी मोठ्याने गाते. आवाज नाही.

मी गुडघ्यांवर बसून सतरंजी उचकटतो. खाली आमच्याच बोळातला खड्डा आहे, काळा कोळसा, पांढरं मीठ, मधे पाइपचं तोंड. मीठ सुकलंय. उन्हाळ्यात खड्डा सुकला की अर्थिंग काम करत नाही, रोज तांब्याभर पाणी घालावं लागतं. हे मी लोकांना सांगून सांगून थकलो. अक्काने तांब्या आणलाय. ती ओततेय. आम्ही दोघं खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलोय, स्टुडिओत, आणि पाणी मुरताना बघतोय.

“अक्का, एक विचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी तुझा सा घूं नव्हती म्हणून सुटला का? माझ्यामुळे?”

“अरे वा. अठ्ठावीस वर्षांनी.”

“सांग ना.”

“तुझ्यामुळे निघालं तर?”

“तर बरं वाटेल.”

“मला?”

“मला.”

ती तांब्या खाली ठेवते. “का रे?”

“निदान तेवढं तरी आपल्या दोघांतलं राहील.”

पाण्याचा शेवटचा बुडबुडा पाइपच्या तोंडाशी फुटतो. मला वाटतं आता ती माझ्या डोक्यावर हात ठेवेल. ठेवत नाही. तिच्या बोटांना लसणाचा वास येत असेल, पण मला तो येत नाही.

“सांगितलं असतं,” ती म्हणते. “पण तू या खोलीत होतास का?”

“नव्हतो.”

“कुठवर आला होतास?”

“एसटी स्टँडवर. तुम्हाला बसमध्ये बसवून दिलं.”

“मग माझ्याकडे तेवढंच आहे. एसटी स्टँड. तू पाण्याची बाटली घेऊन दिलीस, खिडकी घट्ट लाव म्हणालास, धूळ घशात जाते. त्याच्यापुढे मला काही दिसत नाही, दिगू. तू गेलास तिथवरच मला जाता येतं.”

“पण तू तर गेली होतीस. आत.”

“ती गेली होती,” अक्का म्हणते. “मी नाही.”

एसटी स्टँड. फलाट सहा. बस उभी आहे, सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या. आम्ही बाकावर बसलोय आणि मधे मीटर ठेवलंय. मी पुन्हा टोकं लावतो. शून्य. जागा बदलतो. शून्य. फलाटावर दुसरं कुणी नाही, चहावाला नाही, कंट्रोलर नाही, लाउडस्पीकरमधून नुसतं काहीच येत नाहीये.

“शून्य कसं येतंय?” मी म्हणतो. “वीज तर आहे.”

अक्काला विजेतलं काही कळत नव्हतं. फ्यूज गेला तरी ती बल्बलाच शिव्या द्यायची. पण ती चष्मा वर करून बघते आणि सरळ सांगते.

“दोन्ही टोकं कुठे लावलीयस ते बघ.”

मी बघतो. लाल आणि काळं, दोन्ही टोकं त्याच एका हिरव्या वायरवर धरलीयत. शेजारी शेजारी. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. एक टोक इथे, दुसरं वेगळ्या ठिकाणी, तरच मीटर काही सांगतं. दोन्ही एकाच तारेला लावली तर तारेत दोनशे तीस व्होल्ट असोत की काही नसो, शून्यच दिसणार. चाळीस वर्षं मी हे काम करतोय. परवापासून मी स्वतःलाच विचारतोय आणि स्वतःलाच मोजतोय.

काळं टोक उचलून मी तिच्या मनगटाकडे नेतो.

“माझ्यावर नको लावू,” ती हात मागे घेते. रागाने नाही. “मी कशालाच जोडलेली नाही आता.”

“मग कुठे लावू?”

बस सुरू होते. अक्का बाकावर आहे आणि खिडकीतही आहे. खिडकीतली अक्का शेजारच्या सीटवरच्या कुणाशी तरी बोलतेय, हसतेय, काचेतून ऐकू येत नाही. शेजारच्या सीटवर तंबोऱ्याची खोळ, आणि खोळीला धरून दोन वेण्या.

“मी एकटीच गेले होते का?” बाकावरची अक्का विचारते, आणि लसूण घेऊन उठते. जाताना ती मागे वळत नाही. मी हाक मारतो. माझ्या गळ्याची शीर हलते, मान डावीकडे कलते, आणि

पत्रा कडकडतो. शटर वर जातंय.

“मामा? झोपला होतात का? मी दोनदा हाक मारली.”

उज्ज्वला. पंचेचाळिशीची, कापलेले केस अर्धे पांढरे, खांद्याला मोठी कापडी पिशवी. घड्याळात पाचला दहा कमी. टेबलापलीकडे कुणी नाही, झाकण माझ्या कोपराजवळ पडलंय, त्यात काही नाही. डबा मंद वाजतोय. बंद करायचा राहिला होता.

ती थोडा वेळ उभी राहून ऐकते.

“घूं गेली,” ती म्हणते.

“हो. अर्थिंग दिलं.”

“छान झालं.” पण ती ते छान झाल्यासारखं म्हणत नाही. पिशवी टेबलावर ठेवते, तिचं तोंड मोकळं करते, डब्याला हात घालते.

“उज्ज्वला.”

“हं?”

“ऑडिशनला तंबोऱ्यावर तूच होतीस.”

तिचे हात डब्यावर तसेच राहतात. “होते. सतरा वर्षांची होते. का?”

“आत काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे मी विचारलं नाही. अक्कालाही नाही, तुलाही नाही.”

रस्त्यावरून एक रिक्षा जाते. उज्ज्वला डब्यावरून हात काढते, गिऱ्हाइकाचं स्टूल पायाने ओढून घेते आणि बसते.

“आठवतंय सगळं,” ती म्हणते. “कोण काय बोललं तेसुद्धा. पण लांबेल, मामा.”

“लांबू दे.”

“सांगते. आधी तो हात बघा. काय टोचून घेतलंय एवढं?”

डावी मूठ आवळलेलीच आहे. बोटं आखडलीत, एकेक करून सोडवावी लागतात. आत मीटरची दोन्ही टोकं आहेत, लाल आणि काळं. ती बाजूला केल्यावर तळहातावर दोन खोल ठिपके दिसतात, एकमेकांपासून गव्हाच्या दाण्याएवढे लांब. एकातून रक्त आलंय.