डोळा कुणी घेतला

"हात मागं!" ही हाक आधी यायची आणि तिच्या पाठोपाठ वेताची काठी. काठी नुसती दाखवायला नव्हती, चांगली बोटांवर बसायची. जव्हारमधल्या एका छोट्या संग्रहालयात तो राखणदार होता. दोन खोल्या, एक ओसरी, काचेच्या सात-आठ पेट्या. पण पहारा असा, की आत कोहिनूरच ठेवलाय. नवा होतो तेव्हा मीही एका भाल्याच्या टोकाला बोट लावायला गेलो आणि काठी खाल्ली. वर ऐकून घेतलं ते वेगळंच. "सर दिसतोस. पोरांना असंच शिकवतोस का?"

मी नाशिककडून बदली होऊन आलेला मास्तर. बायको-मुलं तिकडे, त्यामुळे रविवार नुसता खायला उठायचा. त्या फटक्यातून आमची दोस्ती झाली यावर माझ्या घरच्यांचा अजून विश्वास बसत नाही. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. सुरुवातीला मी अहो-जाहो करत होतो तर म्हणाला, "माला अहो केलं का कोर्टात उभं केल्यागत वाटते." माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस, पण त्याच्या बोलीत देवालाही तूच. मग मीही अरे-तुरेवर आलो.

रविवारी चार वाजता संग्रहालयाला कुलूप घातलं की तो मला जव्हार दाखवायचा. राजवाडा, दऱ्या, जुन्या विहिरी, शिरपामाळ. शिरपामाळावर आलेल्या पाहुण्याला महाराजांच्या मुक्कामाची गोष्ट सांगायची, असा रिवाज. हा मात्र म्हणायचा, "ती पाटीवर लिवली हाय, वाच. मी दुसरी सांगतूं." दुसरी म्हणजे हाणामारी! या दगडावर कोणाचं डोकं फुटलं, त्या वळणावर दोघा साडूंनी एकमेकांवर कुऱ्हाडी कशा उगारल्या, बाजारात कोणी कोणाचा कान चावून तोडला. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे मामा, या गावात कधी कोणी कोणाशी चांगलं वागलंच नाही का?"

तो म्हणाला, "वागलं असंल. पन त्याची खूण राहात नाय ना."

संग्रहालयाच्या आतल्या खोलीत एका पेटीत देवीचा जुना मुखवटा होता. या भागात बोहाडा होतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. देवदैत्यांचे मुखवटे बांधून, संबळाच्या ठेक्यावर गावकरी नाचतात. मुखवट्याला सोंग म्हणतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं, हे ठरलेलं असतं. शेवटच्या दिवशी उजाडल्यावर देवी आणि महिषासुर यांचं युद्ध होतं. मामा मूळचा मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा, आणि हा मुखवटा त्याच पाड्यावरचा. गावाने नवं सोंग करून घेतलं, जुनं इथे आलं. त्याच्या मागोमाग मामाही आला.

दर वर्षी होळीनंतर पाड्यावरून त्याचा थोरला भाऊ यायचा. उंच, ताठ, डोक्याला पांढरं फडकं, आणि उजव्या डोळ्याच्या जागी नुसती खोबण. गावात तो भगत होता, लांबून लोक त्याला विचारायला यायचे. पेटीसमोर तो नारळ फोडायचा, काचेला कपाळ टेकायचा. मामा कोणाला काचेला नाकही लावू देत नसे, पण भाऊ आला की पाठ फिरवून ओसरीत उभा राहायचा.

"देवीनं डोळा घेतला माजा," भावाने मला अभिमानाने सांगितलं होतं. "इतक्यांतून माजाच घेतला."

मग एक दिवस भांडण झालं. मामाने पुसायला पेटी उघडली होती. ठाण्याकडून आलेल्या एका पाहुण्याने तेवढ्यात मुखवटा उचलून तोंडाला लावला आणि मित्राला म्हणाला, "काढ रे फोटो!" मामाने काठी टाकली आणि हातानेच मारलं. एक, दोन, तीन. चष्मा फुटला, नाकातून रक्त आलं, तरी हा थांबेना. मी आणि शेजारचा टपरीवाला, दोघांनी मिळून ओढला तेव्हा सुटला. पोलिसांपर्यंत जाणार होतं प्रकरण. मी त्या माणसाच्या अक्षरशः पाया पडलो.

"मामा, माणूस मेला असता!" मी शिरपामाळावर त्याला फैलावर घेतला.

हाताची सोललेली बोटं बघत तो म्हणाला, "ते सोंग कोनी बांधू नये. त्यातनं कायच दिसत नाय."

आणि मग त्याने सांगितलं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. देवीचं सोंग याचं, महिषासुराचं भावाचं. युद्धाच्या आदल्या दिवशी याने भाताच्या रोपांची जागा भाजायला राब पेटवला, वारा फिरला आणि आग पेंढ्याच्या उडवीला लागली. उभी उडवी गेली. भावाने सगळ्या पाड्यासमोर याला पायातल्या वहाणेने मारलं. याची नवी नवरी दारात उभी होती. तिच्या देखत मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी याने देवीचं सोंग बांधलं, हातात सागाची तलवार घेतली आणि रिंगणात उतरला. अंगात वारं आलं की देवी खेळते, असं सगळे धरून चालतात.

"वारं आलंच नाय, सर. देवी नव्हती. मीच होतो. सोंगातनं सगळं दिसत होतं. समोर त्याचं तोंड होतं आनि मी नेम धरला."

महिषासुराच्या सोंगाच्या डोळ्याच्या भोकातून तलवारीचं टोक आत गेलं. भाऊ कोसळला. लोकांनी याच्याच पायावर डोकी ठेवली, देवीने कौल दिला म्हणून हळद-कुंकू उधळलं. याला कोणी काही बोललं नाही. भावानेही नाही. आणि या बापड्याने तेव्हापासून कधी भावाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं नव्हतं.

मी मास्तर पडलो. शहाणपण शिकवायची खोड. त्या दिवसापासून वर्षभर मी त्याचा पिच्छा पुरवला. "सांगून टाक, मामा. मोकळा होशील. तो तुझा सख्खा भाऊ आहे, समजून घेईल."

"नाय घेनार."

"घेईल रे. खरं बोलून कोणाचं वाईट होत नाही." असं मी म्हणालो होतो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या होळीनंतर भाऊ आला. मी मुद्दाम रजा टाकून ओसरीत बसलो होतो. भावाने नारळ फोडला, कपाळ टेकलं. मामा या वेळी पाठ फिरवून उभा राहिला नाही. समोर गेला आणि चार वाक्यांत सगळं सांगून मोकळा झाला.

भाऊ आधी हसला. मग म्हणाला, "पुन्हा सांग." याने पुन्हा सांगितलं.

कोपऱ्यात मामाची वेताची काठी होती. भावाने ती उचलली. पहिला घाव मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीत ऐकू आला. मामा खाली बसला. त्याने हात वर केला नाही, डोकंही झाकलं नाही. काठी तुटली तसा भाऊ लाथांवर आला. मी मधे पडलो तर मला भिंतीवर आदळलं. मग त्याने फुटक्या नारळाची करवंटी घालून काच फोडली, मुखवटा बाहेर ओढला, खाली टाकला आणि टाचेने चेचत राहिला. काचेने पाय फाटला होता, लादीवर रक्ताचे ठसे उठत होते.

"तीस वर्सं!" तो ओरडत होता. "तीस वर्सं मी हिला नारळ फोडला! लोक माज्या पायाशी येत होते! तू घेतलास? तू?"

रडत होता म्हातारा. एका डोळ्याने.

संग्रहालयाने मामाला काढलं. जामसरला दिलेल्या लेकीने त्याला नेलं. हात वाकडाच राहिला, बरगड्यांचं दुखणं छातीत उतरलं. मी भेटायला जायचो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मोकळं वाटतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. भाद्रपदात तो गेला. भाऊ मातीला आला नाही.

तो आला महिन्याभराने, सकाळी, माझ्या खोलीवर. लंगडत होता. डोक्याला फडकं नव्हतं. आता कोणी काही विचारायला येत नाही, असं आपणहून म्हणाला. मी चहा टाकला.

"सर, तू त्याचा दोस्त. एक सांग. इतकी वर्सं गप होता. मरेपातूर गप राहिला असता. बोलायचं त्याच्या डोसक्यात घातलं कोनी?"

मी कपबशी त्याच्या हातात दिली.

"मला काय ठाऊक, बाबा," मी म्हणालो.