आईच्या डाव्या हाताचा दोर

आमचे अप्पा आयुष्यभर उलटे चालले. हे मी रागानं म्हणत नाही, त्यांचा धंदाच तसा होता. ते दोर वळायचे. घरामागच्या लांबलचक पट्टीत एका टोकाला लाकडी चाक आणि चाकापाशी आई. अप्पा कमरेला तागाचा वाख, म्हणजे सुटे धागे, गुंडाळून, बोटांनी थोडा थोडा सोडत, चाकाकडे तोंड करून मागे मागे जायचे, पार कुंपणापर्यंत. आई चाक फिरवायची आणि वाखाला पीळ बसत जायचा. गावातले टवाळ अप्पांना ‘रिव्हर्स’ म्हणत. अप्पांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, “म्हणेनात का. मी निदान बायकोचं तोंड बघत काम करतो.”

तोंड बघायचे खरं, पण बोलायचे काय? “ढिला.” दिवसभर हा एकच शब्द. “अगं, ढिला येतोय. डोळा लागला का?” आईनं जोर लावला की, “आता तोडतेस का?” एखादं गिऱ्हाईक दोर हातात घेऊन खूश झालं, की अप्पा ताग कसा निवडून आणलाय ते सांगत बसायचे. चाकावरच्या बाईचं नाव नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई मात्र हसायची. “बोलू दे गं. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, हे त्यांनाही कळतं.”

माणूस वाईट नव्हता. लहानपणी माझी वेणी अप्पाच घालायचे, कारण आईची वेणी म्हणे शाळेत पोचेपर्यंत सुटते. त्यांची इतकी घट्ट बसायची की माझ्या भुवया वर ताणल्या जायच्या आणि सगळ्या वर्गात मी एकटीच दिवसभर चकित दिसायचे. थोरल्या भावाच्या दप्तराचे पट्टे त्यांनीच वळलेले. दप्तर फाटून गेलं, पट्टे अजून माझ्याकडे आहेत.

मग दुकानात नायलॉनचे दोर आले. स्वस्त, रंगीत, पाण्यात न कुजणारे. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली की नजर चुकवू लागली. भाऊ शहरात नोकरीला लागला. मी लग्न होऊन त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे गेले. अप्पा आणि आई दोर वळतच राहिले. कुणी घेईना, म्हणून वेटोळी मागच्या खोलीत रचत गेले. मी कपाळाला हात लावायचे, पण त्या दोघांना थांबायला सांगणं म्हणजे मग त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हाही प्रश्नच होता.

एका सकाळी चाकापाशीच आईचा उजवा हात लुळा पडला. पाठोपाठ पाय गेला, बोलणं जड झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “यांना स्वतःच्या हातानं उठून बसायची सवय लागली तर पुढचं काही बघता येईल. नाहीतर या अंथरुणातून उठणार नाहीत.” खाटेवरच्या तुळईला दोर बांधायचा आणि तो डाव्या हातानं धरून आईनं उठायचं, असं ठरलं. मागच्या खोलीतले दोर उंदरांनी कुरतडलेले. मी दुकानातून नायलॉनचा घेऊन आले. अप्पांनी तो उचलला आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला.

“माझ्या बायकोला मी दुकानातला दोर देऊ?”

“बरं, मग तुम्ही वळा. चाक मी फिरवते.”

खाटेवरून आई म्हणाली, “मी.”

अप्पांनी तिला खुर्चीत बसवलं, चादरीनं खुर्चीला बांधलं, चाक तिच्या डाव्या हाताशी आणलं. तो हात घसरायचा, थांबायचा, पुन्हा मूठ धरायचा. अप्पा मागे मागे गेले. मी ‘ढिला’ची वाट बघत उभी होते. अप्पा बोलले नाहीत. दोर पुरा झाल्यावर त्यांनी तो बोटांतून दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, “झकास. असा पीळ आजवर बसला नव्हता.”

आईचा अर्धा चेहरा फुलला. 

दोर ढिला होता. ते त्यांच्या बोटांना तेव्हाच कळलं होतं. माझ्या तोंडून आईला कळेल म्हणून मला न सांगता, रविवारी भाऊ आला की त्याला चाकाशी बसवून दुसरा वळायचा आणि आई झोपली की गुपचूप बदलायचा, असा त्यांचा बेत होता. हे त्यांनी मला सगळं होऊन गेल्यावर सांगितलं. बांधल्यावर ते स्वतः लोंबकळले, तेव्हा दोर टिकला. पण अप्पांचं वजन असून असून केवढं.

रोज सकाळी अप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि आई दोर धरून उठून बसायची. शेजारणींना सांगायची, “माझ्या हातचा आहे.” शनिवारी तिनं दोर धरून अंग उचललं आणि पीळ सुटत सुटत ताग तिच्या मुठीत आला. ती खाटेच्या कडेवरून फरशीवर पडली. खुबा मोडला. पुन्हा बसणं झालंच नाही.

जायच्या आधी एका दुपारी, अप्पा औषध आणायला गेले असताना, ती मला अडखळत म्हणाली, “चाक हलकं फिरत होतं. ढिला वळतोय, मला तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“जन्मात पहिल्यांदा झकास म्हणाले.”

आई गेली. अप्पा त्या चाकापाशी बसून राहायचे. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर नाही. एकदा बेताचं सगळं सांगून म्हणाले, “मी मारलं तिला.” मला ते ऐकवेना. त्यांचा जीव थोडा हलका होईल, या आशेनं मी आईचं बोलणं सांगितलं.

त्यांनी चाकाची मूठ धरली.

“ठाऊक होतं, तर मग रोज धरायची कशाला?”

“तुम्ही समोर उभे असायचात, अप्पा.”

ते उठून घरात गेले. पुढे जितके दिवस जगले, त्यात त्यांनी कुणाच्याही कामाला नावं ठेवली नाहीत, आणि चांगलंही म्हटलं नाही.